एका खेळाच्या पांच आवृत्त्या

विद्यार्थिमित्रहो, पुस्तकाची दुसरी आवृत्ति म्हणजे काय, हें तुम्हांस नव्यानें सांगावयास नको. पहिल्या छपाईंत राहिलेले दोष दूर होतात, कोठें एखादें प्रकरण वाढतें, कोठें एखादें गळतें, आणि मुखपृष्ठावर 'सुधारून वाढविलेली' असे शब्द झळकूं लागतात. खेळाचीही अशीच आवृत्ति निघते, व ती पुष्कळ वेळां पुस्तकाच्या आवृत्तीपेक्षां अधिक वादाची ठरते, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. पुस्तकांत चूक राहिली तर वाचकास थोडा त्रास होतो. खेळाच्या नियमांत चूक राहिली तर एका गड्यावर अन्याय होतो.

ज्या खेळाची हकीकत येथें द्यावयाची आहे तो जपानांतील ओसाका शहरच्या कॅपकॉम कंपनीनें काढलेला 'स्ट्रीट फायटर' हा व्हिडिओ-गेम होय. नांव वाचतांच कांहीं पालकांच्या कपाळास आठी पडेल. रस्त्यावरील मारामारी हा काय शाळेच्या वार्षिकांत येण्याचा विषय, असें ते म्हणतील. त्यांस विनंति एवढीच कीं आठी हवी तर तशीच ठेवावी, पण लेख शेवटपर्यंत वाचावा. मुलांच्या हातीं मोबाइल व संगणक आले, त्यांबरोबर हे खेळही आले; आणि त्यांविषयीं मुलें आपसांत जें बोलतात त्यांतलें निम्में आपणां वडील माणसांस कळत नाहीं. न कळलेल्या गोष्टीस वाईट म्हणणें सोपें असतें. परंतु तसल्या निकालाचा मुलांवर कांहींच परिणाम होत नाहीं, हा शिक्षकांचा नेहमींचा अनुभव आहे.

आधीं घरचेंच उदाहरण घेऊं. ज्यास आज सर्वत्र कबड्डी म्हणतात त्यास आपल्या महाराष्ट्रांत हुतूतू म्हणत. तामीळ मुलखांत त्याचें नांव चेडुगुडु, बंगालकडे हा-डु-डु. नांवें जशीं निराळीं तसे नियमही निराळे. संजीवनी प्रकारांत बाद झालेला गडी, प्रतिपक्षाचा एखादा गडी बाद होतांच, पुन्हां जिवंत होऊन मैदानांत येई. गामिनी प्रकारांत एकदां बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारांत बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे. प्रतिपक्षास फक्त गुण मिळे. तिन्ही प्रकारांत दम तोच, पकड तीच, अंगणही तेंच. परंतु 'बाद झाल्यावर पुढें काय?' या एका प्रश्नाचें उत्तर बदललें कीं साऱ्या खेळाचा स्वभाव पालटतो. गामिनींत सावधपणास किंमत येते. अमरांत धाडस स्वस्त होतें. ज्यास एका गांवीं उत्तम गडी म्हणत तो दुसऱ्या गांवीं सामान्य ठरे, आणि त्यांत त्याचा दोष कांहींच नसे.

पुढें १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें या खेळाचे नियम बांधून प्रसिद्ध केले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक (मंडळाची स्थापना १९१४ सालची) १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें गेलें व तेथें त्यानें जगापुढें आपल्या देशी खेळांचीं व व्यायामांचीं प्रात्यक्षिकें केलीं, त्यांत हुतूतूचाही समावेश होता. आपल्या जिल्ह्यास अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण परक्या माणसास खेळ दाखवावयाचा तर तो गांवोगांवीं निराळा असून कसें चालेल? १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला, १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत खेळास पदकाचें स्थान मिळालें, आणि २०१४ पासून प्रो कबड्डीच्या सामन्यांनीं चढाईस तीस सेकंदांची मर्यादा व तिसऱ्या चढाईस 'करो या मरो' अशी अट यांची सर्वांस ओळख करून दिली. या सर्व कबड्डीच्या आवृत्त्याच होत.

आतां जपानच्या खेळाकडे वळूं. प्रथम तो चालतो कसा तें पाहिलें पाहिजे, कारण त्याशिवाय पुढील वाद समजणार नाहीं.

पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे असतात. प्रत्येक खेळणाऱ्यापुढें एक दांडी व सहा बटणें असतात. दांडीनें योद्धा पुढें सरतो, मागें हटतो, उडी घेतो, खालीं वांकतो. तीन बटणें ठोशांचीं व तीन लाथांचीं. प्रत्येकाचे हलका, मध्यम व भारी असे प्रकार. हलका ठोसा चटकन् लागतो पण इजा थोडी करतो. भारी ठोसा पुष्कळ इजा करतो, परंतु त्यास वेळ लागतो, आणि तो हुकला तर मारणारा तितका वेळ उघडा पडतो. दांडी खालीं, मग तिरपी पुढें, मग सरळ पुढें अशी फिरवून लगेच ठोशाचें बटण दाबलें तर रियू नांवाचा जपानी योद्धा तळहातांतून तेजाचा गोळा फेंकतो. हें सारें हाताच्या वळणाचें काम आहे. बालबोध अक्षर गिरवितांना जसें बोट वळावें लागतें तसेंच.

या पडद्यावर एका सेकंदांत सुमारें साठ चित्रें उमटतात. प्रत्येक प्रहाराचे तीन भाग असतात: हात उगारण्याचीं चित्रें, प्रहार लागण्याचीं चित्रें, आणि हात परत घेण्याचीं चित्रें. शिवाय प्रत्येक योद्ध्याच्या अंगाभोंवतीं डोळ्यांस न दिसणारे चौकोन आंखलेले असतात; एकाच्या प्रहाराचा चौकोन दुसऱ्याच्या अंगाच्या चौकोनास भिडला कीं यंत्र 'लागला' असें समजतें. म्हणजे बाहेरून जी मारामारी दिसते ती आंतून भूमिति व अंकगणित असते. एखाद्या प्रहाराचीं उगारण्याचीं दोन चित्रें कमी केलीं तर सेकंदाचा तिसावा हिस्सा वांचला. एवढ्या फरकानें एक योद्धा सबळ व दुसरा दुर्बळ होऊं शकतो. आवृत्ति सुधारणें म्हणजे मुख्यतः हे आंकडे सुधारणें.

मूळचा 'स्ट्रीट फायटर' १९८७ सालचा. त्यांत एक चमत्कारिक प्रयोग होता. कांहीं यंत्रांवर बटणांऐवजीं रबराच्या दोन मोठ्या गाद्या बसविलेल्या असत; गादीवर खेळणारा जितक्या जोरानें बुक्की मारी तितका पडद्यावरील प्रहार भारी होई. हात दुखत व यंत्रेंही मोडत. म्हणून त्याच खेळाची सहा बटणांची जी दुसरी तऱ्हा होती तीच पुढें कायम झाली. माझ्या मतें या मालिकेंतील पहिली खरी सुधारणा हीच. गादीच्या यंत्रांत दंडाच्या बळास किंमत होती; बटणांच्या यंत्रांत बळ सर्वांचें सारखेंच, आणि कोणतें बटण केव्हां दाबावें याच्या विचारास किंमत आली. बारीक अंगाचा मुलगा किंवा मुलगी थोराड गड्यासमोर समान पायरीवर उभी राहूं शकली.

खेळ जगभर पसरला तो मात्र १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर २' पासून. अकिरा निशितानी व अकिरा यासुदा हे त्याचे मुख्य रचनाकार. त्यांत निरनिराळ्या देशांतील आठ योद्धे निवडतां येत: रियू, त्याचा अमेरिकन मित्र केन, सुमो मल्ल होंडा, ब्राझीलचा हिरवा ब्लांका, अमेरिकन सैनिक गाइल, चिनी पोलीस अधिकारी चुन-ली, रशियन मल्ल झांगीफ आणि हिंदुस्थानचा योगी धालसिम. त्यांपुढें चार खलनायक, ते केवळ यंत्राच्या स्वाधीन. (या चौघांतील मुष्टियोद्ध्याचें जपानी नांव माइक टायसन या प्रत्यक्ष हयात मुष्टियोद्ध्याच्या नांवाशीं फारच जुळत होतें. खटल्याच्या धास्तीनें परदेशी आवृत्तींत तिघा खलनायकांचीं नांवें आपसांत फिरविण्यांत आलीं. त्यामुळें एकाच नांवानें जपानी मुलगा एकास ओळखतो, अमेरिकन मुलगा दुसऱ्यास. भाषांतरानें असे घोटाळे पुस्तकांतही होतात.)

या पहिल्या आवृत्तींत एक दोष राहून गेला, आणि तोच पुढें खेळाचा प्राण झाला. एका प्रहाराचीं परत येण्याचीं चित्रें पुरीं होण्यापूर्वींच, अचूक क्षणीं दुसरा विशेष प्रहार सुरू केला, तर पहिला मध्येंच तुटून दुसरा लागे, आणि प्रतिपक्षास स्वतःस सांवरण्याची संधि मिळत नसे. मोटारगाडी फोडण्याचा एक मधला खेळ तपासतांना ही गोष्ट कॅपकॉमच्या नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षांत आली. एवढा बारीक क्षण साधणें कोणास जमणार, असें समजून ती तशीच राहूं दिली गेली. पण मुलांच्या बोटांविषयींचा तो अंदाज साफ चुकला. थोड्याच दिवसांत ठिकठिकाणचे खेळाडू प्रहारांच्या मालिका गुंफूं लागले. हीच ती 'काँबो' नांवाची चीज, जिच्याविषयीं तुम्ही मधल्या सुटींत तावातावानें बोलतां. चौथ्या आवृत्तींत तर यंत्र स्वतःच पडद्यावर या प्रहारांची संख्या मोजून दाखवूं लागलें. शुद्धिपत्रांत जावयाचा मजकूर असा मथळ्यांत जाऊन बसला!

पण दुसरे दोष असे उपयोगी पडले नाहींत. त्या आवृत्तींत गाइल इतरांपेक्षां फारच वरचढ होता. शिवाय दोघां खेळणाऱ्यांस एकच योद्धा घेतां येत नसे, त्यामुळें जो आधीं गाइलवर हात ठेवी त्यास सामन्यापूर्वींच अर्धा विजय मिळे. १९९२ सालीं निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीनें, म्हणजे 'चँपियन एडिशन'नें, हा अन्याय दूर केला. दोघांसही एकच योद्धा घेण्याची मोकळीक मिळाली व ओळखण्यासाठीं दोघांच्या कपड्यांचे रंग निराळे ठेवले. चार खलनायकही खेळणाऱ्यांच्या हातीं आले, आणि अनेक योद्ध्यांचे आंकडे कमीजास्त केले गेले. कुस्तीच्या फडांत जोड लावतांना वस्ताद वजन पाहतात, त्यांतलाच हा प्रकार होय.

तिसऱ्या आवृत्तीची कथा अधिक मनोरंजक आहे. यंत्रांतील चिपा बदलून, कंपनीच्या परवानगीवांचून, कोणी बिलंदर लोकांनीं चोरट्या आवृत्त्या काढल्या. त्यांतील 'रेनबो' नांवाची विशेष गाजली. तिच्यांत योद्धे हवेंत उडतां उडतां विशेष प्रहार करीत, तेजाचे गोळे वाकडेतिकडे जाऊन प्रतिपक्षाचा पाठलाग करीत, आणि चालू सामन्यांत एक बटण दाबलें कीं योद्धाच बदलून जाई. यांत न्यायाचा मागमूसही नव्हता. पण लोक तिच्यापुढें गर्दी करीत, कारण ती भलतीच वेगवान होती. कॅपकॉमच्या अमेरिकन शाखेंतील जेम्स गोडार्ड यांनीं हें पाहिलें व खेळाची गति वाढविली पाहिजे असा आग्रह धरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'हायपर फायटिंग' निघाली. तींत वेग वाढला, रियू व केन यांस हवेंतली फिरती लाथ मिळाली, चुन-लीस फेंकण्याचा गोळा मिळाला, धालसिम एका जागीं नाहींसा होऊन दुसऱ्या जागीं प्रगट होऊं लागला. चोरानें केलेली खूण पाहून घरधन्यानें भिंत दुरुस्त करावी तसें हें झालें. चोरी ती चोरीच. परंतु चोरानें दाखविलेली उणीव खरी होती, हें मान्य करण्यांत कंपनीनें कमीपणा मानला नाहीं, याबद्दल तिची तारीफ केली पाहिजे.

चौथी आवृत्ति १९९३ सालची, नांव 'सुपर'. नवें यंत्र, सुधारलेला आवाज, चार नवे योद्धे: इंग्लंडची कॅमी, हाँगकाँगचा फे-लाँग, जमेकाचा डी-जे, मेक्सिकोचा टी-हॉक. बाह्यतः ती सर्वांत श्रीमंत आवृत्ति. पण तिच्या कर्त्यांनीं तिसरीचा वेग पुन्हां उतरवून टाकला, आणि वेगाची चटक लागलेले खेळाडू नाराज झाले. नवें तें सर्व सुधारलेलेंच असतें अशी तुमच्यापैकीं पुष्कळांची समजूत आहे. त्यांनीं या चौथ्या आवृत्तीचा अवश्य विचार करावा.

पुढच्याच वर्षीं, १९९४ सालीं, पांचवी आवृत्ति आली: 'सुपर टर्बो'. वेग परत आला. पकडून आपटण्याचा डाव अंगावर आला असतां त्याची इजा कमी करण्याची तोड मिळाली. पडद्याच्या तळाशीं एक पट्टी आली. ती भरली कीं योद्ध्यास एक मोठा डाव करतां येई. आकुमा नांवाचा एक गुप्त योद्धाही आंत दडविलेला होता. आणि एक सोय अशी केली कीं गुप्त खूण माहीत असणाऱ्यास आपला योद्धा चौथ्या आवृत्तींत जसा होता जवळजवळ तसाच निवडतां येई. आपल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. कलम नवें असलें तरी मूळ जंबेरीचें. या पांचही आवृत्त्यांचें मूळ १९९१ सालचेंच, आणि पांचवींत तर जुन्या खुंटाचीही फूट राखून ठेवली होती.

आतां व्यवहाराची बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर हें चित्र एकांगी होईल. चार वर्षांत पांच आवृत्त्या कांहीं केवळ न्यायबुद्धीनें निघाल्या नाहींत. प्रत्येक आवृत्तीबरोबर व्हिडिओ-गेमच्या पार्लरवाल्यास नवा संच विकत घ्यावा लागे, आणि खेळणाऱ्यास नव्या योद्ध्याचे डाव शिकण्यासाठीं पुन्हां नाणीं टाकावीं लागत. कॅपकॉमला तीनपर्यंत अंक मोजतां येत नाहींत, अशी थट्टा त्या काळीं होत असे. तिसरा भाग निघाला तो १९९७ सालीं. ज्या सुधारणेनें खेळ न्याय्य होतो ती कोणती, आणि जिनें केवळ गल्ला भरतो ती कोणती, हा भेद प्रत्येक वेळीं सोपा नसतो. बहुधा एकाच आवृत्तींत दोन्ही मिसळलेल्या असतात. पालकांनीं मुलाच्या हातून खेळ काढून घेण्यापूर्वीं त्यास हाच प्रश्न विचारून पाहावा. जो मुलगा 'या आवृत्तींत काय बदललें व तें कां बदललें' हें नीट सांगूं शकतो, त्यानें खेळांत डोकें घातलें आहे. जो सांगूं शकत नाहीं त्यानें फक्त वेळ घातला आहे, आणि त्याच्या बाबतींत आठीस पुरेसें कारण आहे.

मला या साऱ्या इतिहासांत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट कंपनीनें केलेली नाहीं. पांचव्या आवृत्तींतील आकुमा इतका बलाढ्य होता कीं त्याच्यापुढें इतर योद्ध्यांचा पाड लागेना. तेव्हां खेळाडूंनीं आपसांत ठरवून सामन्यांत त्यास बंदी केली. जुन्या आवृत्तीचा सागाट, हा उंचापुरा थाई मुष्टियोद्धा, त्याची गोष्ट तर याहून नाजूक. त्याच्यावर जपानांत उघड बंदी नव्हती. पण तो घेतला तर दुबळ्या योद्ध्यांच्या पुष्कळ जोड्यांस न्याय मिळत नाहीं, हें जाणून तेथील नामांकित खेळाडू तो घेत नसत. यंत्र परवानगी देत होतें, नियम आड येत नव्हता, बक्षीस समोर होतें, आणि तरीही हात आवरला जाई. ही सहावी आवृत्ति म्हटली पाहिजे. ती कोणत्याही चिपेंत नव्हती. तुम्ही मोहल्ल्यांत आट्यापाट्या खेळतां तेव्हां लहान भावंडास 'हा कच्चा लिंबू' म्हणून सूट देतां, तीही कोठें छापलेली नसते. एकदां असें करून पाहा: आपल्या आळींतील आट्यापाट्यांचे किंवा विटीदांडूचे नियम वहींत लिहून काढा, मग शेजारच्या गांवच्या मित्राच्या वहीशीं ताडून पाहा. जेथें फरक सांपडेल तेथें, त्या फरकानें कोणाचें नुकसान होतें, तें लिहा. व्याकरणाच्या पुष्कळशा पाठांपेक्षां या अभ्यासानें बुद्धीस अधिक धार येईल.

धालसिमविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या देशाच्या वतीनें या खेळांत उतरलेला तो गडी. गळ्यांत कवट्यांची माळ, मुखांतून अग्नि, आणि हातपाय रबरासारखे वाटेल तितके लांब! पाठीमागें अर्थातच हत्ती. परदेशीयांच्या मनांतील हिंदुस्थान असाच असतो. योगाभ्यासाचा आणि मुखांतून जाळ काढण्याचा संबंध काय, हें कोणा योगशिक्षकास विचारावें. पण रचनाकारांस अगदींच दोष देतां येत नाहीं. त्याची जी कथा त्यांनीं रचली तींत तो मारामारीचा तिटकारा असलेला गृहस्थ आहे, गांवच्या गरिबांसाठीं पैसे मिळवावयास नाइलाजानें लढतो, आणि त्याच्या मुलाचें नांव दत्त आहे. डावाच्या दृष्टीनेंही तो मंद, पण लांब पल्ल्याचा; त्याच्या हातीं विजय येतो तो धीरानें, अंतर राखून, दुसऱ्यास दमवून. उतावळ्या मुलांस तो आवडत नाहीं. २०१६ सालच्या पांचव्या भागांत त्यास दाढी व पागोटें मिळालें, तेणेंकरून तो थोडा वयस्क व भारदस्त दिसूं लागला. कवट्या मात्र राहिल्याच.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत. चौथा भाग २००८ सालीं, पांचवा २०१६ सालीं, सहावा २०२३ सालीं निघाला. पूर्वीं आवृत्ति बदलावयाची तर यंत्रांतील संच बदलावा लागे. आतां ती इंटरनेटवरून रातोरात येते. काल महिनाभर घोटलेला डाव आज सकाळीं निकामी झालेला असतो, आणि जुनी आवृत्ति परत मागण्याची सोय बहुधा नसते. दुरुस्ति लवकर होते हा लाभ खरा. पण १९९४ सालची 'सुपर टर्बो' अजूनही सामन्यांतून खेळली जाते, ती तिच्या चिपेंत कायमची गोठलेली आहे म्हणूनच. तिच्यांतील दोष सर्वांस ठाऊक आहेत, ते सर्वांस सारखेच लागू आहेत, आणि उद्यां ते बदलणार नाहींत.

चीनमधील हांगचौ येथें २०२२ सालचे आशियाई सामने २०२३ सालीं भरले. तेथें 'स्ट्रीट फायटर'चा पांचवा भाग पदकाच्या खेळांत होता. त्याचें सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनीं तैवानच्या खेळाडूस ४–३ असें हरवून मिळविलें. त्या वेळीं किम यांचें वय ४४ वर्षांचें होतें. म्हणजे खेळ केवळ पोरांचा आहे असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. सर्व स्पर्धकांपुढें एकच आवृत्ति होती, तेव्हां नियमांविषयीं तंटा उद्भवण्याचें कारणच नव्हतें.

त्याच सामन्यांत ७ ऑक्टोबर रोजीं पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत भारत व इराण यांच्यांत झाली. सामना संपण्यास एखादें मिनिट उरलें असतां गुण २८–२८ असे बरोबरींत होते. भारताचा पवन सेहरावत 'करो या मरो'च्या चढाईस गेला आणि कोणासही न शिवतां बाजूच्या पट्टींत शिरला. त्याच्यामागोमाग इराणचे बचाव करणारे गडीही पट्टींत गेले. जुन्या नियमानें पाहिलें तर पट्टींत शिरलेले ते सर्व गडी बाद. नव्या नियमानें पाहिलें तर एकटा चढाई करणारा बाद. पंचांनीं एकदां एक निकाल दिला, मग दुसरा. दोन्ही संघ मैदानांत बसून राहिले, आणि सुमारें तासभर खेळ बंद पडला. शेवटीं जुन्या नियमाप्रमाणें भारतास चार व इराणास एक असे गुण देण्यांत आले. उरलेल्या वेळांत भारतानें आणखी एक गुण मिळविला, आणि सामना ३३–२९ असा संपला.